वधस्तंभावरचा देव आणि वधस्तंभ उभारणारे हात

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘वधस्तंभ आणि ईश्वराचे दुःख’ या विषयावर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनानंतर हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. दैनिक वृत्तपत्राने एवढ्या कठीण प्रश्नाला पानभर जागा द्यावी याचा मला मनापासून आनंद झाला. लेखकांचा अभ्यासही ओळीओळीतून दिसतो. मात्र ते ज्या निष्कर्षाला पोहोचले, तो मला केवळ चुकीचाच नव्हे, तर धोक्याचाही वाटतो. आधुनिक ख्रिस्ती ईशज्ञानाने, म्हणजे देवाविषयीच्या पद्धतशीर विचाराने, दुःखापासून अलिप्त अशा निर्विकार देवाला निरोप देऊन दुःख भोगणारा देव स्वीकारला, देव स्वतः दुःखात उतरल्यामुळे दुःखच पवित्र झाले आणि म्हणून माणसाने आपल्या वाट्याचे दुःख शांतपणे उचलावे, असा त्यांच्या मांडणीचा ओघ आहे. विसाव्या शतकात ज्यांनी देवाच्या दुःखाविषयी सर्वांत गंभीरपणे लिहिले, त्यांतील बहुतेकांनी ते लिहिताना वधस्तंभावरच्या देहाबरोबर वधस्तंभ उभारणाऱ्या हातांकडेही बोट दाखवले होते. लेखात तो देह आहे. ते हात कुठेच नाहीत.

आधी इतिहासाविषयी थोडे लिहितो, कारण ‘ग्रीक तत्त्वज्ञानाने ख्रिस्ती देवाला दगड करून टाकले’ हे लेखातले वाक्य प्राचीन मंडळीवर (ख्रिस्ती धर्मसंस्थेवर) अन्याय करणारे आहे. देव निर्विकार आहे असे जेव्हा आरंभीचे ख्रिस्ती आचार्य म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मत्सराने पेटणारे, वासनेने बहकणारे आणि नैवेद्याने वळणारे पुराणकथांतले देव होते. बाहेरचे कोणी देवाला डिवचू शकत नाही आणि त्याची प्रीती आज आहे नि उद्या नाही अशी लहरी नाही, एवढे त्यांना त्या शब्दातून राखायचे होते. त्याच वेळी वधस्तंभावर जो मेला तो देवच होता, हे म्हणायला ते कचरले नाहीत. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल पाचव्या शतकात म्हणाला की, ख्रिस्ताने दुःखातीत असूनही दुःख भोगले. हे वाक्य तर्काच्या कसोटीवर अडखळते हे त्यालाही ठाऊक होते, पण दोन्हींपैकी एकही शब्द सोडायला तो तयार नव्हता. पुढे ५५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने तर देहाने वधस्तंभावर खिळलेला येशू ख्रिस्त हा खरा देव आणि त्रैक्यातील (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतील) एक आहे, असे जो कबूल करणार नाही त्याला मंडळीबाहेर ठरवले. तेव्हा देवाचे दुःख हा विसाव्या शतकाचा शोध नव्हे.

एवढे मान्य करूनही, कित्येक शतकांच्या प्रवचनांतून सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचलेला देव बहुधा दूरस्थ आणि थंडच होता, ही लेखकांची तक्रार खरी आहे. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात (प्रोटेस्टंट श्रद्धेच्या निवेदनात) देवाचे वर्णन ‘शरीर, अवयव आणि विकार यांवाचून’ असे केलेले आढळते. आपण हे वाचतो आणि मग यिर्मया संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायातले विसावे वचन उघडतो, तेव्हा दोन वेगळ्या देवांविषयी वाचतो आहोत की काय असे वाटते. तिथे देव आपल्या भरकटलेल्या लेकराविषयी बोलतो आहे. त्याला बोल लावतानाही त्याची आठवण सुटत नाही असे म्हणतो, आणि मूळ हिब्रूत त्यापुढे जो शब्द येतो तो आतड्यांचा आहे. हिब्रू भाषेत करुणा आतड्यांत वसते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपलेही आतडे तुटते, आपल्याही पोटात कालवते. शुभवर्तमानांत येशूला लोकसमुदायाचा कळवळा आला असे जिथे जिथे म्हटले आहे, तिथेही ग्रीक क्रियापद आतड्यांवरूनच बनलेले आहे. यिर्मयाच्या याच वचनावर काझो किटामोरी या जपानी ईशज्ञान्याने आपला ‘देवाच्या वेदनेचे ईशज्ञान’ हा ग्रंथ उभा केला. तो १९४६ मध्ये, जपानच्या पराभवाला जेमतेम वर्ष होत असताना प्रसिद्ध झाला. अब्राहम हेशेल या यहुदी विचारवंतांनी १९६२ साली संदेष्ट्यांवर लिहिलेल्या ग्रंथात देवाच्या याच कळवळ्याला संदेष्ट्यांच्या वाणीचे मूळ मानले. आपण ज्याला आधुनिक ख्रिस्ती विचार म्हणतो, त्याची एक मुळी अशी यहुदी मातीत आहे. लेखात हेशेल यांचा उल्लेख नाही याचे मला वाईट वाटले, आणि ते का वाटले हे पुढे येईलच.

लेखकांनी सर्वाधिक भर जर्मन ईशज्ञानी युर्गेन मोल्टमान यांच्यावर दिला आहे, आणि ते योग्यच आहे. पण मोल्टमान यांच्या वाक्यांमागे उभा असलेला माणूस लेखात दिसत नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग शहरावर बॉम्बवर्षाव झाला आणि तीस हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा सतरा वर्षांचा हा मुलगा विमानविरोधी तोफेवर नेमलेला होता. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बच्या स्फोटात जागच्या जागी गेला आणि हा वाचला. धर्माचे वातावरण नसलेल्या घरात वाढलेल्या त्या मुलाने त्या रात्री पहिल्यांदा देवाला हाक मारली, आणि ती ‘देवा, तू कुठे आहेस?’ अशी होती. पुढे तो इंग्रजांच्या हाती लागला. स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत बेल्सेन आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांची छायाचित्रे लावलेली होती. आपण कोणत्या राष्ट्राचा गणवेश घालून लढलो, हे त्या छायाचित्रांनी त्याला दाखवले. सैन्यातल्या एका पाळकाने दिलेल्या बायबलमध्ये तो एकोणचाळिसावे स्तोत्र वाचत राहिला आणि मग मार्ककृत शुभवर्तमानातल्या त्या आरोळीपाशी येऊन थांबला : ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी?’ माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

१९७२ साली आलेला ‘क्रूसावर खिळलेला देव’ हा ग्रंथ या आरोळीतून निघाला. त्याचा गाभा मराठीत असा सांगता येईल : पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचे मरण सोसतो. ही दोन वेगळी दुःखे आहेत. पोटचे पोर गेलेल्या आईबापांना त्यांतला फरक सांगण्याची गरज नाही. पित्यालाच वधस्तंभावर चढवणारी जी प्राचीन चूक मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली होती, ती मोल्टमान करत नाहीत. त्यामुळे त्यांना ‘दुर्बळ देवाचे प्रवक्ते’ म्हणणे बरोबर नाही. आणि हे सारे ते दुसऱ्याच्या दुःखावर भाष्य करणाऱ्या तटस्थाच्या भूमिकेतून लिहीत नव्हते. आऊश्वित्झच्या नाझी छळछावणीनंतर जर्मन माणसाला देवाविषयी बोलता येते का, या प्रश्नासमोर ते स्वतः उभे होते. ज्या हातांनी वधस्तंभ उभारले त्यांत आपल्या लोकांचे हात होते, ही कबुली त्या ग्रंथाच्या तळाशी आहे. ती काढून घेतली की उरते ते फक्त सांत्वन, आणि लेखात तेवढेच उरले आहे.

आता मी माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. लेखात नाझी छळछावणीतून वाचलेले यहुदी लेखक एली वीझेल यांच्या आठवणींतला फाशीचा प्रसंग उद्धृत केला आहे आणि तो ‘दुःख भोगणाऱ्या देवाचा सर्वांत मोठा पुरावा’ म्हणून पुढे केला आहे. प्रसंग असा आहे. बुना येथील छावणीत दोन प्रौढांबरोबर एका लहान मुलाला फाशी दिले गेले. मूल वजनाने हलके असल्यामुळे ते अर्ध्या तासाहून अधिक काळ दोराला लटकत जिवंत राहिले. कैद्यांना त्याच्यासमोरून रांगेने जायला लावले होते. मागून कोणीतरी विचारले, देव कुठे आहे? आणि वीझेल यांना आपल्या आतून उत्तर ऐकू आले की, तो इथे आहे, या फासावर लटकतो आहे. मोल्टमान यांनीही हा प्रसंग आपल्या ग्रंथात घेतला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर जी टीका झाली ती मला रास्त वाटते. कारण त्या पानावर देवाची सोबत सापडल्याचा दिलासा कुठेही नाही. एका धर्मनिष्ठ यहुदी मुलाचा विश्वास तिथे डोळ्यांदेखत मरतो आहे. त्या रात्री सूपाला प्रेतांची चव होती, असे तो सांगतो. त्या फासाचा ख्रिस्ती वधस्तंभ करून टाकणे म्हणजे त्या मुलाकडून त्याचे मरणही काढून घेणे होय, आणि तेही ज्या युरोपने त्याला मारले त्या युरोपच्या बहुसंख्याकांच्या धर्मासाठी.

या संदर्भात मला फ्रांस्वा मोरियाक आठवतात. वीझेल यांच्या पुस्तकाच्या १९५८ मधील फ्रेंच आवृत्तीला या श्रद्धाळू कॅथोलिक लेखकाने प्रस्तावना लिहिली आहे. समोर बसलेल्या त्या तरुणाला वधस्तंभावरच्या त्या दुसऱ्या यहुद्याविषयी, म्हणजे येशूविषयी, आपण काही सांगायला हवे होते, हे ते लिहितात. त्यांच्याजवळ वधस्तंभाविषयी सांगण्याजोगे पुष्कळ होते, आणि त्यांनी ते तिथे लिहिलेही आहे. पण त्या भेटीत प्रत्यक्षात आपण त्याला मिठी मारून रडण्यापलीकडे काही करू शकलो नाही, अशी ती प्रस्तावना संपते. माझ्या मते मोरियाक तिथे जे गप्प राहिले, ते या विषयावरच्या अनेक ग्रंथांपेक्षा अधिक ख्रिस्ती आहे.

हात कोणाचे, हा प्रश्न टाळला की काय होते, याचा दाखला मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातच आहे. दुसऱ्या शतकातला सार्दीसचा बिशप मेलितो याचे वल्हांडण या यहुदी सणावरचे प्रवचन देवाच्या दुःखाविषयी लिहिल्या गेलेल्या सर्वांत देखण्या मजकुरांपैकी आहे. ज्याने पृथ्वी टांगली तो टांगला गेला, ज्याने आकाश स्थिर केले तो खिळ्यांनी स्थिर केला गेला, असे ते वाढत जाते आणि देवाचा वध झाला येथवर पोहोचते. वाचताना अंगावर काटा येतो. आणि त्याच श्वासात मेलितो हा वध इस्राएलच्या माथी मारतो. पुढच्या शतकांत या आरोपाने किती यहुदी घरे जाळली हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. कॅथोलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, असे अधिकृतपणे जाहीर केले. तोवर फार उशीर झाला होता. वास्तविक मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या कबुलीत, येशूखेरीज दोनच माणसांची नावे येतात. एक त्याला जन्म देणाऱ्या मरियेचे आणि दुसरे पंतय पिलात या रोमी सुभेदाराचे. उपासनेत आपण ते नाव इतक्या सवयीने उच्चारतो की, ते तिथे कशासाठी आहे हे विसरायला होते. वधस्तंभ ही रोमी सत्तेची, गुलामांना आणि बंडखोरांना धाक बसावा म्हणून भर रस्त्यावर अमलात आणली जाणारी शिक्षा होती. त्यासाठी हुकूम काढावा लागे, खिळे लागत, पहारेकरी लागत. देवाचे दुःख आकाशातून पडलेले नाही. ते एका कचेरीतून सुटलेल्या हुकमाने घडले.

ज्यांनी हे विसरू दिले नाही, त्यांचे लेखन लेखकांनी एका वाक्यात ‘राजकीय वळण’ म्हणून बाजूला सारले आहे. ते मला मान्य नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय ईशज्ञानी जेम्स कोन यांनी २०११ मध्ये वधस्तंभ आणि झुंडीने कृष्णवर्णीयांना फासावर लटकवण्याचे झाड यांना शेजारी ठेवून ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी रायनहोल्ड नीबर यांच्यासारख्या थोर विचारवंतालाही प्रश्न विचारला आहे. वधस्तंभावर आयुष्यभर इतके खोल चिंतन केलेल्या या माणसाला आपल्याच देशातले ते झाड कसे दिसले नाही? कोन यांचा राग मला पूर्णपणे समजतो. डोळ्यांसमोरचा वधस्तंभ न पाहता देवाच्या दुःखाविषयी सुंदर लिहिता येते, हे कटू सत्य त्यांनी उघड्यावर आणले.

एल साल्व्हादोरमधली घटना तर मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा माझे वाचन तिथेच थांबते. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिकांनी तिथल्या मध्य अमेरिकी विद्यापीठाच्या आवारात शिरून सहा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची किशोरवयीन मुलगी यांना ठार मारले. त्या धर्मगुरूंपैकी इग्नासियो एयाकुरिया यांनी गरिबांच्या समूहाला ‘वधस्तंभावर खिळलेली प्रजा’ असे नाव दिले होते. त्यांचे सहकारी जोन सोब्रिनो त्या दिवसांत परदेशी होते म्हणून बचावले. सैनिकांनी एक मृतदेह ओढत सोब्रिनो यांच्या खोलीत नेला, तेव्हा फडताळावरचे एक पुस्तक खाली पडले आणि रक्तात भिजले. ते मोल्टमान यांच्या त्याच ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर होते. ती प्रत आजही तिथे जपून ठेवलेली आहे. सोब्रिनो यांनी पुढे लिहिलेल्या सगळ्याचा रोख एकच आहे : खिळलेल्यांना वधस्तंभावरून खाली उतरवायचे आहे. त्यांच्या लेखनात दुःखाला पवित्र म्हणून वधस्तंभावर राहू देणारी एकही ओळ मला सापडली नाही.

देवाच्या दुःखाच्या या विचारावर आक्षेप घेणाऱ्यांना लेखकांनी ‘जुन्या वळणाचे’ ठरवले आहे, तेही नीट वाचनाअभावी झाले असावे. जर्मन ईशज्ञानी डोरोथे झ्योले यांनी १९७३ साली मोल्टमान यांना विचारले की, पुत्राला मरणाच्या हाती देणारा पिता पूजनीय मानला, तर छळ करणाऱ्याचीच पूजा होत नाही काय? पुढे स्त्रीवादी ईशज्ञानातून हाच प्रश्न अधिक धारदार झाला. मार खाणाऱ्या बायकोला ‘ख्रिस्तानेही सोसले’ असे सांगून त्याच घरी परत पाठवणारे पाळक काही काल्पनिक नाहीत. या आक्षेपापुढे माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. मात्र पिता आणि पुत्र एका मनाने माणसांच्या हिंसेला सामोरे जातात, आणि ती हिंसा पित्याची नसून पिलाताची आहे, एवढे स्पष्ट राखले तर आक्षेपाची धार पुष्कळ कमी होते, असे मला वाटते. इथेही प्रश्न पुन्हा हातांपाशीच येतो. कॅथोलिक ईशज्ञानी कार्ल रानर यांचा आक्षेप वेगळ्या बाजूचा आहे. मी ज्या चिखलात रुतलो आहे त्यातच देवही रुतलेला असेल, तर माझी सुटका कशी होणार, असा त्याचा आशय आहे.

रानर यांचे ते मत मी ग्रंथात वाचण्याच्या बरीच वर्षे आधी एका आईच्या तोंडून ऐकले होते. मी अनेक वर्षे रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांजवळ बसतो, त्यांनी म्हटल्यास प्रार्थना करतो. एका रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आत होता, आणि चुकीच्या औषधामुळे त्याची ही अवस्था झाली होती, हे तोवर सर्वांना कळले होते. त्यांच्या मांडीवर मुलाच्या चपला होत्या. मी शेजारी बसलो आणि जे वाचले होते ते बोललो : ताई, देवही तुमच्याबरोबर रडतो आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. चपलेचा पट्टा बोटाने सरळ करत त्या म्हणाल्या, ‘तो रडू दे, दादा. पण ते औषध कोणी दिलं, ते मला कोणी सांगत नाही.’ मी निरुत्तर झालो. पुढचे चार दिवस मी त्यांच्याबरोबर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद मागत फिरलो. मुलगा पाचव्या दिवशी गेला. कागद त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मिळाले.

जर्मन पाळक आणि ईशज्ञानी डीट्रिख बोनहॉफर यांचे ‘केवळ दुःख भोगणारा देवच साह्य करू शकतो’ हे वाक्य लेखाच्या शीर्षस्थानी चौकटीत छापले आहे. ते त्यांनी १६ जुलै १९४४ रोजी बर्लिनमधल्या टेगल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. हिटलरवरचा अयशस्वी हल्ला त्यानंतर चारच दिवसांनी झाला. त्या कटाशी बोनहॉफर यांचा संबंध होता, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आले. हे वाक्य लिहिणारा माणूस दुःख शांतपणे उचलण्याचा सल्ला देत नव्हता. ज्या हातांनी युरोपभर फास उभारले, ते थांबवण्याच्या प्रयत्नात तो होता. चौकटीतल्या वाक्याखाली तारीख आणि ठिकाण असते, तरी वाचकाला लेखापेक्षा वेगळा अर्थ लागला असता.

या लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात फाशीचा तो प्रसंग पुन्हा येणार असेल, तर तो एका यहुदी मुलाचा आहे आणि तो सांगणाऱ्याने त्यातून ख्रिस्ती निष्कर्ष काढलेला नाही, एवढे निदान तळटिपेत तरी छापावे, ही विनंती. आणि लेखकांना माझा निरोप कळवावा की, उत्तरार्धात पंतय पिलाताचे नाव एकदा तरी यावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक